पाऊलवाट, धावपटू आणि सोन-चिखल्याची अंडी

टिटवीची अंडी तुम्ही कधी पाहिली आहेत का? पाहिली असतील, तर ती शोधायला किती वेळ लागला हेही आठवत असेल. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. माळावर, नांगरलेल्या रानात किंवा नदीकाठच्या गोट्यांत एखादा उथळ खळगा पाहून ती त्यातच चार ठिपकेदार अंडी घालते. त्यांचा रंग मातीशी असा मिळून जातो की, पायापाशी असली तरी ती चटकन दिसत नाहीत. आपण जवळ जाण्यापूर्वीच टिटवी उठलेली असते आणि डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत असते. तो ओरडा आपल्याला ऐकू येतो. परंतु त्याच वेळी उघड्या पडलेल्या अंड्यांवर ऊन तळपू लागलेले असते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची आणि माणसाच्या पायांची अशी गाठ जगात पुष्कळ ठिकाणी पडते. मग वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, माणसांना बंदी करा. दुसरी म्हणते, डोंगर सर्वांचे आहेत. अशा वादात आवाज चढतात, आकडे मात्र कोणाकडेच नसतात. इंग्लंडमध्ये एका ठिकाणी हे आकडे धीराने मिळवले गेले, आणि त्यांतून जे निघाले ते दोन्ही बाजूंना थोडे अनपेक्षित होते. म्हणून आज आपण तिकडची गोष्ट पाहणार आहोत. तिच्यात पक्षिशास्त्र आहे तसेच तुमच्या पाठ्यपुस्तकातले पदार्थविज्ञानही आहे.

मूर म्हणजे काय?

इंग्लंडच्या उत्तर भागात पेनाइन नावाची दक्षिणोत्तर डोंगररांग आहे. सह्याद्रीच्या मानाने ती ठेंगणीच. तिचे सर्वांत उंच शिखर क्रॉस फेल ८९३ मीटर, तर आपले कळसूबाई १६४६ मीटर. परंतु हवा थंड, वारा सतत वाहणारा आणि पाऊस बारमाही. ह्या डोंगरांच्या माथ्यावर मैलोन्‌मैल पसरलेली झाडे नसलेली पठारे आहेत. त्यांना तिकडे 'मूर' म्हणतात. कोकणातला किंवा साताऱ्याकडचा सडा डोळ्यांसमोर आणा. फक्त खाली कातळाऐवजी पाण्याने फुगलेल्या स्पंजासारखी काळी जमीन आहे असे समजा. ही जमीन म्हणजे पीट. स्फॅग्नम नावाचे शेवाळ आणि इतर वनस्पती मरतात, पण पाण्यात बुडून राहिल्यामुळे त्यांना हवा मिळत नाही व त्या पुरत्या कुजत नाहीत. थरावर थर साचत जातात, तेही वर्षाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या सावकाश. पायाखालचा दोन मीटरचा पीट साचायला दोन हजार वर्षांच्या आसपास लागली असतील!

मार्च-एप्रिलमध्ये थंडी ओसरू लागली की ह्या ओसाड दिसणाऱ्या पठारावर पक्षी विणीसाठी येतात. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कर्ल्यू येतो, युरोपातली तुरेवाली टिटवी येते, मर्लिन नावाचा छोटा ससाणा येतो. ह्या सर्वांची घरटी जमिनीवरच. झाडच नाही तर दुसरीकडे कोठे बांधणार? ह्यांपैकी आपल्या गोष्टीचा नायक म्हणजे गोल्डन प्लोव्हर. पारव्याहून लहान, पाठीवर सोनेरी ठिपके, विणीच्या काळात पोट काळे. त्याचा एक जवळचा नातेवाईक हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांवर येतो. त्याला सोन-चिखल्या म्हणतात. आपण ह्या लेखापुरते इंग्लंडमधल्या पक्ष्यालाही तेच नाव देऊ.

सोन-चिखल्याची मादी बहुधा चार अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे ती उबवतात. पिले अंड्यातून बाहेर आली की एक-दोन दिवसांतच घरटे सोडून चालू लागतात आणि स्वतःचे अन्न स्वतः टिपतात. आईबाप फक्त पहारा करतात आणि थंडी-पावसात पिलांना पंखांखाली घेतात. ह्या सुमारास मूरवर क्रेन फ्लाय नावाच्या, मोठ्या डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्या जमिनीतून बाहेर पडतात. पिलांची ती मेजवानीच असते. तेव्हा पिलांना हवे तेथे फिरता येणे, म्हणजेच त्यांना पोटभर खायला मिळणे.

डोंगरावर धावणारी माणसे

ह्याच डोंगरांवर एक खेळ वाढला. त्याचे नाव 'फेल रनिंग'. उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला 'फेल' म्हणतात. धावपटूने ठरलेल्या शिखरांना हात लावून परत यायचे. मधली वाट पुष्कळदा ज्याची त्याने शोधायची. पाऊलवाट सोडून सरळ उतारावर झेप घ्यायची, ओढा ओलांडायचा, धुक्यात होकायंत्र पाहून धावायचे. यॉर्कशायरमधली तीन शिखरांची शर्यत १९५४ पासून भरते. सरोवरांच्या प्रदेशात राहणाऱ्या बॉब ग्रॅहम ह्यांनी जून १९३२ मध्ये २४ तासांच्या आत ४२ शिखरे पालथी घातली. तो फेरा आजही शेकडो धावपटूंचे स्वप्न आहे. दिवस मोठा मिळावा म्हणून त्याचे प्रयत्न बहुतेक मे ते जुलै ह्या काळात होतात. पक्ष्यांचा हंगामही तोच!

योगायोग असा की, त्याच १९३२ साली, २४ एप्रिलला, पेनाइनच्या दक्षिण टोकाला किंडर स्काउट नावाच्या पठारावर काही शे कामगार तरुण मुद्दाम, परवानगी नसताना चढले. बहुतेक मँचेस्टरकडचे, आठवडाभर गिरण्या-कारखान्यांत राबणारे. पठार खासगी मालकीचे होते आणि ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. परंतु लोकमत फिरले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ मध्ये ह्याच भागात पीक डिस्ट्रिक्ट हे देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, १९६५ मध्ये ४३१ किलोमीटर लांबीची 'पेनाइन वे' ही पाऊलवाट खुली झाली आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधल्या नकाशावर नेमून दिलेल्या मोकळ्या रानांत वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. जो हक्क तुरुंगात जाऊन मिळवला, तो 'पक्ष्यांना त्रास होतो' एवढ्या एका वाक्यावर सोडायला तिकडची माणसे तयार नाहीत. एके काळी हेच वाक्य शिकारीची राने राखणाऱ्यांच्याही तोंडी असे. म्हणून त्रास होतो का, किती होतो, केव्हा होतो, हे मोजूनच सांगावे लागते.

मोजमाप

शेफील्ड आणि मँचेस्टर ह्या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये डोंगर ओलांडणारा स्नेक पास नावाचा रस्ता आहे. त्याच्या माथ्यावर पेनाइन वे रस्त्याला आडवी जाते. गाडी उभी करावी आणि पाच मिनिटांत मूरवर पोहोचावे, अशी ही जागा. त्यामुळे सुटीच्या दिवशी गर्दी. मँचेस्टर विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डेरेक याल्डेन ह्यांनी पीक डिस्ट्रिक्टमधल्या सोन-चिखल्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. पक्षी कोठे आहेत हे नकाशावर टिपायचे आणि त्याच वेळी माणसे कोठून कोठे जातात हेही टिपायचे. काम कंटाळवाणे, पण उपयोग पुढे दिसतो.

पाऊलवाटेची तेव्हाची दशा वाईट होती. पीटवर हजारो पावले पडली की वरची वनस्पती मरते आणि खाली काळा चिखल उरतो. चिखल टाळण्यासाठी लोक कडेने चालतात, मग कडही चिखल होते, आणि वाट रुंदावत जाते. पिले वाढवण्याच्या काळात त्या वेळी ३० टक्क्यांहून अधिक माणसे वाट सोडून इकडे तिकडे जात. आणि सोन-चिखल्ये वाटेच्या दोन्ही बाजूंचा २०० मीटरपर्यंतचा भाग टाळीत असत.

१९९० नंतरच्या दशकात ह्या वाटेवर दगडी फरश्या टाकण्यात आल्या. त्या कोठून आल्या हे ऐकण्यासारखे आहे. लँकेशायरमधल्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनींच्या ह्या फरश्या. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी एके काळी आपल्या वऱ्हाडातला कापूस बोटीने जात असे, तिथल्या जमिनी हेलिकॉप्टरने उचलून डोंगरावर नेल्या!

फरशीने काय होते? ७० किलोग्रॅमचा माणूस एका पायावर भार देतो तेव्हा बुटाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर जमिनीवरचा दाब ३४,००० पास्कलच्या आसपास येतो. आता तोच माणूस एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि समजा १२५ किलोग्रॅम वजनाच्या फरशीवर उभा राहिला. एकूण वस्तुमान १९५ किलोग्रॅम, क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. दाब उरतो साधारण ३,२०० पास्कल. वजन जवळजवळ तिप्पट, दाब मात्र दशांश. पीट तगतो. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चिखल संपला, चालायला कोरडी वाट मिळाली, म्हणून माणसे आपण होऊन वाटेवर राहू लागली. पाटी नाही, दंड नाही, पहारेकरी नाही.

फरश्या टाकल्यानंतर ९६ टक्क्यांहून अधिक माणसे वाटेवरच राहिली. आणि सोन-चिखल्ये? आता ते फक्त ५० मीटरपर्यंतचा भाग टाळीत, तोही गर्दीच्या शनिवार-रविवारी. हे निष्कर्ष फिनी, पिअर्स-हिगिन्स व याल्डेन ह्यांनी २००५ साली 'बायॉलॉजिकल कॉन्झर्व्हेशन' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

ह्या आकड्यांचा हिशेब करून पाहू. वाटेचा एक किलोमीटर तुकडा घ्या. दोन्ही बाजूंना २०० मीटर म्हणजे ४०० मीटर रुंदीचा पट्टा. त्याचे क्षेत्रफळ ४० हेक्टर. दोन्ही बाजूंना ५० मीटर म्हणजे १०० मीटर रुंदीचा पट्टा. क्षेत्रफळ १० हेक्टर. माणसांना बंदी न करता, वाटेच्या दर किलोमीटरमागे ३० हेक्टर जमीन पक्ष्यांना परत मिळाली.

पण वाटेवर माणसे असूनही पक्षी जवळ कसे आले? इथे कल्पनेने सोन-चिखल्याच्या जागी उभे राहावे लागते. वाटेवरचा माणूस रोज त्याच रेषेवरून येतो आणि त्याच रेषेवरून जातो. तो आपल्याकडे वळत नाही हे पक्षी शिकतो. आगगाडीच्या रुळांशेजारी चरणाऱ्या बगळ्यांना तुम्ही पाहिले असेलच. गाडी धडाडत जाते, बगळा मान वर करतो आणि पुन्हा चरू लागतो. परंतु वाट सोडलेला माणूस कोठे वळेल ह्याचा नेम नाही. पाचशे माणसांतली ३० टक्के म्हणजे दीडशे माणसे अशी बेभरवशाची फिरू लागली, तर एकही कोपरा सुरक्षित वाटत नाही. चार टक्के म्हणजे फक्त वीस.

आता त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्षही सांगितला पाहिजे, नाहीतर आपण अर्धेच सत्य सांगितले असे होईल. पक्षी माणसांपासून दूर राहत होते हे स्पष्ट दिसले. परंतु त्यामुळे वाढून उडणाऱ्या पिलांची संख्या घटली, असे त्या वेळच्या गर्दीत आढळले नाही. म्हणजे त्या जागी 'माणसे आली आणि पक्षी संपले' असे म्हणायला आधार नव्हता. मूरवरचे कित्येक पक्षी कमी होत आहेत हे खरे. ब्रिटनमधले कर्ल्यू १९९५ नंतर जवळजवळ निम्मे झाले. पण त्यामागे पाणथळ जमिनींचा निचरा, शेतीतले बदल, मूरवर लावलेली सूचिपर्णी झाडे, कोल्हे व कावळे अशी मोठी कारणे आहेत. धावपटू हा त्यांतला मुख्य आरोपी नव्हे. मात्र एका जागची आणि एका जातीची ही मोजणी आहे. गर्दी दुप्पट झाली, किंवा पक्षी अधिक भित्रा असला, तर उत्तर बदलू शकते.

किती माणसे, की किती वेळ?

चालणारा आणि धावणारा ह्यांत फरक काय? पुष्कळांना वाटते, धावणारा अधिक वाईट, कारण तो अचानक येतो. ह्यात तथ्य असेल; पण वेळेचा हिशेब वेगळे काही सुचवतो.

समजा, एक सोन-चिखल्या अंड्यांवर बसला आहे आणि माणूस २०० मीटरच्या आत येताच तो उठतो. वरचे २०० मीटर पिलांच्या काळातले आहेत, हे ध्यानात ठेवा. गणितासाठी आपण तोच आकडा घेऊ. माणूस घरट्याजवळून सरळ गेला तर त्याला ४०० मीटर ओलांडायचे आहेत. ताशी ४ किलोमीटरने चालणाऱ्याला ६ मिनिटे लागतील. ताशी ९ किलोमीटरने धावणारा सेकंदाला अडीच मीटर जातो, त्याला २ मिनिटे ४० सेकंद. माणूस गेल्यावर पक्षी परत बसायला १० मिनिटे घेतो असे धरू. हाही मानलेलाच आकडा. तर चालणाऱ्यामुळे अंडी १६ मिनिटे उघडी पडली, धावणाऱ्यामुळे १२ मिनिटे ४० सेकंद. एकट्याने जाणारा धावपटू एकट्या चालणाऱ्यापेक्षा कमीच त्रास देतो!

आता ६० धावपटू घ्या. पहिला प्रकार: शर्यत आहे, सर्व एकदम सुटले आणि घरट्याजवळ पोहोचेपर्यंत त्यांच्यात फाटाफूट होऊन पहिल्या व शेवटच्यात १० मिनिटांचे अंतर पडले. पक्षी पहिल्याला पाहून उठेल आणि शेवटचा गेल्यावर १० मिनिटांनी बसेल. एकूण १० मिनिटे, अधिक २ मिनिटे ४० सेकंद, अधिक १० मिनिटे; म्हणजे २२ मिनिटे ४० सेकंद.

दुसरा प्रकार: तेच ६० जण, पण सरावासाठी दर ५ मिनिटांनी एकेक असे जात आहेत. पक्षी परत यायला १० मिनिटे घेतो आणि त्याआधीच पुढचा येतो. म्हणजे तो परत बसतच नाही. शेवटचा धावपटू २९५ मिनिटांनी येतो. त्याचे २ मिनिटे ४० सेकंद आणि नंतरची १० मिनिटे मिळवली की होतात जवळजवळ ३०८ मिनिटे; ५ तासांहून अधिक!

माणसे तितकीच, वाट तीच, वेगही तोच. त्रासाचे प्रमाण मात्र तेरापटींहून अधिक. माणसे मोजून त्रास मोजता येत नाही. त्यांच्यामधली अंतरे पाहावी लागतात. फेल रनिंगमध्ये शर्यतीपूर्वी काही आठवडे धावपटू एकेकटे किंवा दोघे-तिघे येऊन वाटांची पाहणी करतात, जवळची वाट कोणती ते शोधतात. शर्यतीचा दिवस सर्वांच्या डोळ्यांत भरतो. हा पाहणीचा महिना कोणी मोजीत नाही. माझ्या मते अधिक लक्ष तिकडेच द्यायला हवे. शिवाय हल्ली एकाने शोधलेली आडवाट उपग्रहावर चालणाऱ्या मनगटी घड्याळात नोंदली जाते आणि इंटरनेटवरून दुसऱ्या दिवशी शंभर जणांच्या हाती पडते. पक्ष्याला जी रेषा माहीत नाही, तीच अचानक वाहू लागते.

अंड्याचे तापमान

उघड्या पडलेल्या अंड्याचे काय होते, ते आता पाहू. आपल्याकडे टिटवीच्या अंड्यांना उन्हाची भीती. एप्रिलमधल्या पेनाइन मूरवर उलट, थंडीची. हवा ८ अंश सेल्सिअस आणि उबवलेले अंडे ३५ अंश सेल्सिअस धरा. फरक २७ अंशांचा.

सोन-चिखल्याचे अंडे सुमारे ३३ ग्रॅमचे आणि ५० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचे असते. अंड्यात बहुतेक पाणीच असल्यामुळे ते एक अंशाने निवण्यासाठी त्यातून सुमारे ११० ज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. न्यूटनच्या शीतकरणाच्या नियमाप्रमाणे उष्णता जाण्याचा वेग तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. म्हणून फरक समान काळात समान पटीने घटतो. मंद वाऱ्यात एकटे, उघडे अंडे असेल तर हिशेबाने दर २० मिनिटांत फरक निम्मा होतो. २० मिनिटांनी अंडे २१.५ अंशांवर आणि ४० मिनिटांनी १५ अंशांच्याही खाली! पण पक्षी शहाणा आहे. चार अंडी निमुळती टोके आत करून एकमेकांना चिकटून असतात, खळग्यामुळे वारा लागत नाही आणि खाली वाळक्या गवताचे अस्तर असते. ह्या सर्वांमुळे निवण्याचा वेग निम्मा झाला असे धरू. म्हणजे फरक निम्मा व्हायला ४० मिनिटे.

आता वरचे आकडे लावा. एकटा धावपटू गेला, १२ मिनिटे ४० सेकंद. अंडी सुमारे ३० अंशांवर येतात. सबंध शर्यत एकदम गेली, २२ मिनिटे ४० सेकंद; अंडी २६ अंशांच्या आसपास. तेच ६० जण सुटे सुटे गेले तर ५ तासांनी अंडी हवेइतकीच गार झालेली असतील. साधारणपणे २५-२६ अंशांच्या खाली अंड्यातल्या गर्भाची वाढ जवळजवळ थांबते. थोडा वेळ थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. पक्ष्यांना स्वतःलाही खाण्यासाठी उठावेच लागते आणि गर्भ तेवढे सोसतो. पण वारंवार किंवा फार वेळ गारठा लागला तर उबवण्याचे दिवस लांबतात, आणि पुढे गर्भ मरतोही. त्यात भर म्हणजे उघडी अंडी पाहून कावळा वाट पाहत बसत नाही.

हे हिशेब आपण मानलेल्या आकड्यांवर उभे आहेत. खरा पक्षी कधी २०० मीटरवर उठतो, कधी पायाखाली येईपर्यंत बसून राहतो. तरीही हिशेबातून दिसणारी दिशा पक्की आहे आणि स्नेक पासवरच्या निरीक्षणांशी ती जुळते.

मग करायचे काय?

२००० च्या कायद्यात ह्याची थोडी तरतूद आहे. अशा मोकळ्या रानात १ मार्च ते ३१ जुलै ह्या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीनेच बांधून न्यावा लागतो. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. कारण सुटा कुत्रा वाट सोडणारच, आणि तो नाकाने शोधतो, डोळ्यांनी नव्हे. अंड्यांचा मातकट रंग नाकापुढे काय कामाचा? जरूर पडेल तेथे पक्ष्यांच्या रक्षणासाठी एखादा भाग काही काळ बंदही ठेवता येतो. मर्लिनसारख्या काही जातींना तर विणीच्या वेळी घरट्यापाशी जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने त्रास देणे हाच १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि पायी फिरण्याचा हक्क म्हणजे शर्यत भरवण्याचा हक्क नव्हे. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. ती देताना वाट कोणती, तारीख कोणती, धावपटू किती, हे ठरवता येते.

धावपटूंची तक्रार अशी की, फरशीवर धावणे म्हणजे फेल रनिंगच नव्हे. पावसात ती निसरडी होते, गुडघ्यांना धक्के बसतात, आणि स्वतःची वाट स्वतः शोधण्यातला आनंद जातो. तक्रार खोटी नाही. ज्या खेळाचा जीव मोकळेपणात आहे त्याला एका रेषेत बांधले तर उरते काय? परंतु ही मागणी बारा महिन्यांची नाही. ऑगस्टपासून फेब्रुवारीअखेर मूर त्यांचीच आहे, हवी तशी धावा. एप्रिल ते जुलै मात्र पडलेल्या वाटेवर राहावे, पाहणीसाठी एकेकटे न जाता ठरलेल्या दिवशी एकत्र जावे, आणि नवी आडवाट इंटरनेटवर टाकू नये, एवढे झाले तरी हिशेबात मोठा फरक पडतो. सोन-चिखल्याजवळ तारीख बदलण्याची सोय नाही. क्रेन फ्लाय ज्या आठवड्यात निघतात, त्याच आठवड्यात त्याची पिले भुकेली असतात.

करून पाहा

औषधाच्या चार लहान, सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत ३० मिलिलिटरच्या आसपास पाणी मावावे. बुचाला भोक पाडून एकीत तापमापी बसवा. बाटल्यांत सुमारे ५० अंशांचे पाणी भरा. प्रथम एकच बाटली टेबलावर ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान टिपा. मग तोच प्रयोग पंख्याखाली करा. शेवटी चारही बाटल्या वाळक्या गवताने भरलेल्या वाडग्यात एकमेकींना चिकटवून ठेवा आणि पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी खोलीचे तापमान वजा करून फरकाचा आलेख काढा आणि फरक निम्मा व्हायला किती मिनिटे लागली ते पाहा. वर आपण २० व ४० मिनिटे धरली. तुमच्या बाटल्यांचे आकडे किती येतात? गरम पाणी मोठ्या माणसांच्या देखत भरा. खऱ्या घरट्यापाशी जाऊन मात्र कोणताही प्रयोग करू नका.

आणि एक कोडे. दर ५ मिनिटांनी एक धावपटू जातो, प्रत्येकामुळे २ मिनिटे ४० सेकंद पक्षी बसू शकत नाही. आपण परतायला १० मिनिटे धरली, म्हणून तो कधीच बसू शकला नाही. किती वेळाच्या आत परतणारा पक्षी दोन धावपटूंच्या मध्ये थोडा तरी वेळ अंड्यांवर बसू शकेल? आणि पक्षी ४ मिनिटांत परतणारा असेल, तर त्याला निदान ५ मिनिटे बसता यावे म्हणून धावपटूंनी किती अंतराने जावे?